मूल अभ्यासात अडतंय? शाळेशी बोलायचं ते असं

पालकसभेत एकट्या मुलाचं काही ठरत नाही. वर्गात ४० मुलं आणि सभा दोन तासांची, म्हणजे एकेकाच्या वाट्याला तीन मिनिटं. त्यात सहामाहीचे पेपर बघायचे, सही करायची, मागे रांगेत उभ्या असलेल्यांची चुळबुळ ऐकायची. बाई म्हणतात, "हुशार आहे हो, पण लक्ष देत नाही. घरी जरा बघा." आई म्हणते, "आमचं ऐकतच नाही मॅडम, तुम्हीच ओरडा." दोघी खरंच बोलत असतात, आणि उद्या संध्याकाळी दप्तर उघडल्यावर नेमकं काय करायचं ते दोघींपैकी कुणालाच कळलेलं नसतं.

मी प्राथमिकला शिकवते. माझीही मुलं शाळेत जातात, त्यामुळे वर्षातून दोनदा मी सकाळी बाई असते आणि दुपारी आई. या दोन्ही भूमिकांतून एक गोष्ट पक्की झाली आहे. घर आणि शाळा मिळून मुलाला मदत होते ती तीन गोष्टी असल्या तर: एका वेळी एकच अडचण घेतलेली, ती दोघांनी स्वतः पाहिलेली, आणि पुन्हा भेटायची तारीख ठरलेली. या तिन्ही कशा जमवायच्या ते पुढे सांगते. समजायला सोपं जावं म्हणून चौथीतला एक मुलगा धरू. नाव ओंकार म्हणू. तक्रार नेहमीचीच, "अभ्यास करत नाही."

आधी आठवडाभर नुसतं बघा

शाळेत जाण्यापूर्वी घरी सात दिवस नोंद ठेवा. वहीची दोन पानं पुरतात. "अभ्यास करत नाही" हा निष्कर्ष झाला. त्यावर शिक्षक काहीही करू शकत नाहीत. काय घडताना दिसलं ते लिहा. अभ्यासाला बसतो किती वाजता, उठतो कधी, कोणतं पुस्तक आधी काढतो, कोणतं दप्तरातून बाहेरच येत नाही. पोट दुखतं म्हणून शाळा बुडवायची असते ती कोणत्या वारी, आणि त्या वारी पहिला तास कशाचा असतो. झोप किती होते. हे सगळं मुलाला न विचारता, न टोकता.

मग एक छोटी चाचणी घ्या. मराठीच्या पुस्तकातला अजून न शिकवलेला धडा उघडा, मोबाइलवर एक मिनिट लावा आणि मोठ्याने वाचायला सांगा. मध्ये दुरुस्त करू नका. कुठे अडतो त्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारा. मिनिटभराच्या या वाचनात तीन वेगवेगळ्या गोष्टी दिसू शकतात, आणि प्रत्येकीवरचा उपाय वेगळा आहे.

एक, साधे शब्द सुरळीत जातात, पण जोडाक्षर आलं की गाडी थांबते. 'सूर्य'चं 'सुरय' होतं, 'प्रकाश'चं 'परकाश', आणि 'राष्ट्र'पाशी तर मूल आपल्या तोंडाकडे बघायला लागतं. दोन, पहिलं अक्षर बघून पुढचा शब्द अंदाजाने ठोकून देतं. 'पावसात' लिहिलेलं असताना 'पावसाळा' वाचतं आणि आपण चुकलो हे त्याच्या गावीही नसतं. तीन, वाचतं अगदी घडाघडा, पण पुस्तक मिटून "काय झालं रे गोष्टीत?" विचारलं की गप्प.

गणिताचंही तसंच. ५२ वजा २७ याचं उत्तर ३५ येत असेल तर मुलाने धांदरटपणा केलेला नाही. वरचे दोन लहान आहेत म्हणून त्याने सातातून दोन वजा केले. प्रत्येक उदाहरणात तो हेच करत असेल तर तो नियमाने वागतोय, फक्त नियम चुकीचा आहे. अशा मुलाला "नीट बघून कर" म्हणून काही उपयोग नाही. त्याला दहा-दहा काड्यांचे गठ्ठे हातात देऊन एक गठ्ठा सोडायला लावलं पाहिजे.

प्रगतिपुस्तकातला मजकूर वाचा, नुसती श्रेणी नको

महाराष्ट्रात २०१० पासून पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्याचे दोन भाग असतात. आकारिक म्हणजे वर्षभर चालणारं: तोंडी काम, प्रकल्प, उपक्रम, स्वाध्याय, चाचणी. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा. तिसरी-चौथीला आकारिकचा भार ६० टक्के आणि संकलितचा ४०. त्यामुळे एकूण श्रेणी ब-२ (६१ ते ७० टक्के) दिसली तरी त्याखाली काय दडलंय ते बाहेरून कळत नाही. दोन्ही भागांचे गुण वेगवेगळे विचारून घ्या. तोंडीत बरे आणि लेखीत फारच कमी असतील तर मुलाला येतं, पण वाचता-लिहिताना किंवा वेळेत उरकताना अडतं, ही शंका घ्यायला जागा आहे. आकारिकचे गुण बऱ्याच ठिकाणी हात सैल सोडून दिले जातात, हे मात्र ध्यानात ठेवा. शिक्षक असून सांगते.

श्रेणीच्या शेजारी वर्णनात्मक नोंदी असतात: विशेष प्रगती, आवड-छंद आणि सुधारणा आवश्यक. पालक बहुधा पहिला रकाना वाचून खूश होतात. तिसरा वाचा. तिथे "जोडशब्दांचे वाचन करताना अडखळतो" असं लिहिलेलं असेल तर तुमच्या रेघा मारलेल्या शब्दांना दुजोरा मिळाला. "अधिक सरावाची गरज" असं असेल तर त्यातून काहीच कळत नाही, आणि नेमकं तेच विचारायला तुम्ही जाणार आहात.

वेळ मागून घ्या

शाळा भरतानाची दहा मिनिटं आणि सुटतानाची दहा मिनिटं शिक्षकाशी बोलायला सगळ्यात वाईट. परिपाठाची घंटा झालेली असते किंवा रिक्षावाले काका हाका मारत असतात. वहीत चिठ्ठी द्या किंवा असा निरोप पाठवा:

"नमस्कार बाई. मी चौथी ब मधल्या ओंकारची आई. त्याला मराठी वाचताना जोडाक्षरांत अडचण येते असं आठवडाभर दिसलं. वर्गात तुम्हाला काय दिसतं ते समजून घ्यायचं आहे. या आठवड्यात पंधरा-वीस मिनिटं कधी देऊ शकाल? मी बुधवार किंवा शुक्रवारी साडेपाचनंतर मोकळी असते. आधीची वेळ दिलीत तर सुट्टी काढून येईन."

निरोपात विषय आधीच सांगितलाय. बाई वही बघून ठेवू शकतात, आणि पालक भांडायला येतायत की बोलायला, ही धाकधूक राहत नाही. हो, शिक्षकांनाही धाकधूक असते. 'पालक भेटायला आलेत' असं शिपायाने येऊन सांगितलं की अर्ध्या स्टाफरूमचा चहा थांबतो.

अशी भेट मागणं म्हणजे मेहेरबानी मागणं नव्हे. शिक्षण हक्क कायदा, २००९ मधल्या कलम २४ नुसार पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगणं हे शिक्षकाच्या कर्तव्यांत येतं. पण हे कलम पहिल्याच भेटीत तोंडावर फेकायचं नसतं. त्याची वेळ आली तर पुढे येईल.

शिक्षकांसाठी एवढंच: रोजंदारीवर जाणाऱ्या आईबापांना सकाळी अकराची वेळ देऊ नका. एक दिवसाची मजुरी बुडवून कुणी "घरी लक्ष द्या" हे ऐकायला येणार नाही. आठवडी बाजाराचा दिवस, संध्याकाळची वेळ, नाहीतर सरळ गृहभेट. घरी गेल्यावर मुलाच्या अभ्यासाची जागा दिसते, आणि ती जागाच नाही हेही दिसतं.

भेटीतली वीस मिनिटं

आई-बाबा दोघांना जमलं तर दोघं जा. आजी-आजोबांकडे मूल राहत असेल तर त्यांना घेऊन जा. खरी माहिती त्यांच्याकडेच असते. नोंदींची वही आणि रेघा मारलेलं पुस्तक बरोबर ठेवा.

सुरुवात आपण पाहिलेल्या गोष्टीने करा आणि लगेच विचारा: "वर्गातही असंच दिसतं का?" मग ऐका. हे प्रश्न माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त उपयोगी पडले आहेत:

– मूल बसतं कुठे, कुणाशेजारी, आणि ती जागा कुणी ठरवली?
– फळ्यावरचं उतरवून होतं का, की अर्ध्यातच पुसलं जातं?
– न समजल्यावर विचारतं का? नसेल तर काय करतं?
– कोणत्या तासाला खुलतं?
– पुढच्या महिन्याभरात एकच गोष्ट सुधारायची झाली, तर तुम्ही कोणती धराल?

शेवटचा प्रश्न सोडू नका. शिक्षकाला यादी करता येते: अक्षर, शुद्धलेखन, पाढे, बडबड, डबा न संपवणं. यादी घेऊन घरी गेलात की त्या रात्री घरात रणकंदन होतं आणि आठवड्याने सगळं जैसे थे. एक गोष्ट निवडायला लावा.

ओंकारच्या बाबतीत बाईंचं म्हणणं असं निघालं असं समजू: "वाचन मीही बघितलंय. पण खरं सांगू का, तो वर्गात बोलतच नाही. प्रकट वाचनाची पाळी आली की पाणी प्यायला जायचं असतं." ही माहिती आईकडे नव्हती. घरी तर तो तोंड मिटत नाही. आईने सांगितलेलं, की मोठ्या बहिणीसमोर तो एका पानाला एकदाच अडखळला, हे बाईंना नवीन. या दोन तुकड्यांतून चित्र स्पष्ट झालं: जोडाक्षरं कच्ची आहेतच, पण चारचौघांत चुकण्याची भीती त्याहून मोठी आहे. एकटी आई किंवा एकट्या बाई इथवर पोचल्या नसत्या.

शेवटची पाच मिनिटं मुलाला आत बोलवा. तक्रारींचा पाढा त्याच्यासमोर पुन्हा वाचू नका. "आम्ही तुझ्या वाचनाबद्दल बोलत होतो. तुला कुठे कठीण जातं?" एवढंच. मुलं अशी उत्तरं देतात की दोन्ही बाजू चकित होतात. "खिडकीचं ऊन फळ्यावर पडतं" हे कधीकधी खरंच कारण असतं.

शिक्षकांनी दोन पथ्यं पाळावीत. मुलासमोर पालकाला झापू नये, आणि दुसऱ्या मुलाचं नाव घेऊन तुलना करू नये. पालकांसाठी एकच पथ्य: "मी पण गणितात ढ होतो" हे वाक्य मुलाच्या कानावर पडू देऊ नका. पुढची चार वर्षं ते त्याला पुरतं.

डोळे आणि कान तपासून घ्या

हे इतकं साधं आहे की राहून जातं. फळ्यावरचं चुकीचं उतरवणारं, पुस्तक नाकाला लावणारं, हाक मारल्यावर दुसऱ्यांदा वळणारं, वारंवार कान वाहणारं मूल आधी डॉक्टरकडे न्या. शासकीय आणि अनुदानित शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा तपासणीला येतं. त्या दिवशी मूल गैरहजर होतं का आणि कार्डावर काय लिहिलं गेलं, ते वर्गशिक्षकांना विचारा. चष्मा लागल्यावर महिन्याभरात 'आळशी' मूल वाचायला लागल्याची उदाहरणं प्रत्येक शाळेत सापडतील.

सहा आठवड्यांचं ठरवा

आता कागद घ्या. एका पानावर, दोघांना दिसेल असं: काय सुधारायचं, घरी कोण काय करणार, वर्गात कोण काय करणार, पुन्हा कधी भेटायचं. सहा आठवडे याचसाठी की त्याहून कमी काळात वाचनात फरक दिसत नाही आणि त्याहून जास्त काळ उत्साह टिकत नाही. मध्ये गणपती किंवा दिवाळीची सुट्टी येत असेल तर ती धरूनच तारीख ठरवा.

ओंकारसाठी घरचं काम: रोज पंधरा मिनिटं, जेवणाआधी. पहिल्या आठवड्यात फक्त रफार. मार्ग, वर्ग, पर्ण, दर्शन, सूर्य. रफार अक्षराच्या डोक्यावर बसतो, पण त्याचा उच्चार त्या अक्षराच्या आधी होतो, हे टाळी वाजवून दाखवायचं: मा-र्-ग. दुसऱ्या आठवड्यात प्र, क्र, ग्र. इथे 'र' नंतर येतो. मग ट्र, ड्र. मग ऱ्य, ऱ्ह: दऱ्या, कुऱ्हाड. सगळी एकदम घातली की गोंधळ उडतो, कारण एकच 'र' चार वेषांत समोर येतो. शब्द झाले की त्याच शब्दांचा एक परिच्छेद: आधी मोठ्यांनी वाचायचा आणि मुलाने बोट फिरवायचं, मग दोघांनी मिळून, मग त्याने एकट्याने.

आईवडिलांना वाचता येत नसेल तरी हे अडत नाही. मूल वाचताना थांबलं की कागदावर एक काडी ओढायची आणि शेवटी विचारायचं, "मग पुढं काय झालं?" काड्या रोज कमी होतात का हे पाहायला अक्षरओळख लागत नाही, आणि गोष्ट कळली की नाही हे ऐकणाऱ्याला बरोबर समजतं.

वर्गातलं काम: प्रकट वाचनाला अचानक नाव घ्यायचं नाही. बाई आदल्या दिवशी हळूच सांगणार, "ओंकार, उद्या दुसरा परिच्छेद तुझा." तो घरी चारदा वाचून येणार आणि वर्गात एकदा नीट वाचणार. या संपूर्ण लेखातून एकच क्लृप्ती घ्यायची असेल तर ही घ्या. बाईंना यासाठी दहा सेकंद लागतात, घरच्या पंधरा मिनिटांना कारण मिळतं, आणि वर्गाला ओंकारचा आवाज ऐकू येतो. त्यापुढे बाई एवढंच करणार: आठवड्यातून एकदा मधल्या सुट्टीत एक मिनिट वाचून घेणार आणि बरोबर वाचलेले शब्द मोजून वहीत आकडा लिहिणार.

तो आकडा इतर मुलांशी लावायचा नाही. दिशा हवी म्हणून माहीत असावं, की २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचता यावेत असं लक्ष्य आहे. चौथीतला ओंकार ३५ वर असेल तर घाबरायला नको, पण थांबायलाही नको. कारण २०१९ मध्ये केंद्राने शिक्षण हक्क कायद्यात बदल केला आणि महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा सुरू झाली. नापास झालं तर पुनर्परीक्षा, त्यातही नाही जमलं तर त्याच वर्गात. "आठवीपर्यंत ढकलतातच" या भरवशावर बसलेल्या घरांना हे अजून पोचलेलं नाही.

घर एक सांगतं, शाळा दुसरं

ठरलेलं मोडतं ते बहुतेक वेळा इथे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' असं संख्यावाचन आलं तेव्हा महाराष्ट्रभर गदारोळ झाला. टीव्हीवर चर्चा झडत होत्या आणि स्वयंपाकघरात आई 'सत्तावीस' म्हण म्हणून दटावत होती. वजाबाकीतही घर म्हणतं 'उसने घे', शाळा म्हणते 'दशक सुटा कर'. दोन्ही पद्धतींनी उत्तर तेच येतं, पण अजून एकही पक्की नसलेल्या मुलासमोर दोन्ही ठेवल्या तर तिसरीच, स्वतःची पद्धत तयार होते. शाळेत कशी शिकवतात ते वही दाखवून विचारा आणि सहा आठवडे घरी तीच धरा. तुमची पद्धत नंतर शिकवा.

शिकवणीच्या बाईंनाही या पानाची झेरॉक्स द्या. शाळेत रफार चालू असताना शिकवणीत प्रश्नोत्तरं पाठ करून घेत असतील तर मुलाचे दोन तास वाया गेले. हे सांगताना शाळेतल्या शिक्षकांना अवघडल्यासारखं होतं, पालकांना तर अजूनच. पण शिकवणीला फी पालक देतात, सांगायचं त्यांनीच.

इंग्रजी माध्यमात एक वेगळाच पेच असतो. डायरीत इंग्रजीत शेरा येतो, आईला तो नीट लागत नाही, आणि न कळल्याचं सांगायला लाज वाटते. मराठीत किंवा हिंदीत बोला म्हणून सरळ सांगा. टीचरना येतं. घरी अहिराणी, गोरमाटी किंवा पावरी बोलली जात असेल तर तेही शिक्षकांना सांगा. मूल 'गप्प' नसतं, त्याला शाळेतले शब्द अजून आपले झालेले नसतात.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचं वेळापत्रक दिवाळीच्या आगेमागे तुटतं ते एप्रिलपर्यंत. जाण्याआधी मुख्याध्यापकांना भेटून मुलाचं शिक्षण हमी पत्रक घ्या, म्हणजे जिथे जाल तिथल्या शाळेत त्याला बसता येईल. मूल आजीजवळ ठेवणार असाल, तर गावात हंगामी वसतिगृहाची सोय आहे का ते विचारा. आणि बाईंचा नंबर आजीच्या मोबाइलमध्ये कुणाकडून तरी नावासकट टाकून घ्या.

निरोपांची शिस्त

वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्वतःच्या मुलाबद्दल काहीही लिहू नका. तिथे ४० घरं वाचतात. बाईंना वेगळा निरोप पाठवा, तोही आठवड्यातून एकदा. रात्री साडेदहाला "उद्या काय आणायचंय?" हा प्रश्न दुसऱ्या पालकाला विचारता येतो. शिक्षकांनी उलट बाजूने एक सवय लावून घ्यावी: पंधरा दिवसांतून एकदा चांगली बातमी कळवावी. "आज ओंकारने परिच्छेद न थांबता वाचला." शाळेतून फोन आला म्हणजे काहीतरी बिनसलंय, ही घरातली समजूत अशा दोन निरोपांनी निघून जाते, आणि खरंच बिनसलं तर बोलणं सोपं होतं.

प्रकल्पांबद्दल जाताजाता: दुकानातून विकत आणलेला ज्वालामुखी कुणाच्याच उपयोगाचा नसतो. बाईंना तो ओळखू येतो. त्याच दुकानातले आणखी सहा टेबलावर असतात.

सहा आठवड्यांनी फरक नाही पडला तर

ठरल्या तारखेला भेटा आणि तोच एक मिनिटाचा प्रयोग करा. आकडा वाढला असेल तर त्याच वाटेने पुढे. अजिबात हलला नसेल, घरी-शाळेत दोन्हीकडे काम मात्र नीट झालं असेल, तर एकदा पद्धत बदलून बघा. तरीही अक्षरं उलटसुलट होणं, एकच शब्द एका ओळीत वाचता येणं आणि खालच्या ओळीत न येणं, तोंडी सगळं सांगणाऱ्या मुलाने कागदावर दोन ओळी लिहून थांबणं चालूच असेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यायला हवी.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. प्रमाणपत्र आठ वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना मिळतं, त्यामुळे पहिलीतल्या मुलाला घाईने शिक्का मारण्याचा प्रश्नच येत नाही. तपासणी शासकीय रुग्णालयात करा. मुंबईत शीव रुग्णालयात यासाठी स्वतंत्र केंद्र आहे, इतर जिल्ह्यांत जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. जाताना शाळेचं पत्र, गेल्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं आणि मुलाच्या वह्या न्या. तुमचं सहा आठवड्यांचं पान इथे सोन्यासारखं उपयोगी पडतं, कारण डॉक्टरांना नेमकं हेच हवं असतं: काय करून पाहिलं आणि काय झालं. पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक किंवा विषयतज्ज्ञ असतात. केंद्रप्रमुखांमार्फत, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांमार्फत, त्यांना वर्गात बोलावता येतं. प्रमाणपत्र असेल तर पुढे बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती मिळतात. त्या दहावीच्या फॉर्मच्या वेळी धावपळ करून मिळवण्यापेक्षा आठवी-नववीतच कागद तयार ठेवा.

घरात मात्र यावर एक वाद हमखास होतो. वडील किंवा आजोबा म्हणतात, "आमच्या मुलाला काही झालेलं नाही." अशा वेळी त्यांना एकदा मुलाशेजारी बसवून ते एक मिनिट वाचन ऐकू द्या.

भांडायची वेळ आली तर

काही गोष्टींत सहा आठवडे थांबायचं नसतं. मुलाला मारलं, वर्गासमोर अपमान केला, तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे. त्याच दिवशी मुख्याध्यापकांना लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रार हवेत विरते. तिथे न सुटल्यास केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी. मोठ्या शहरांत महापालिकेचा शिक्षण विभाग. लैंगिक स्वरूपाचं काही असेल तर ही शिडी चढत बसू नका: मुलांसाठीच्या १०९८ या मदत क्रमांकावर फोन करा किंवा थेट पोलिसांत जा, पोक्सो कायदा त्यासाठीच आहे. मुलींच्या सुरक्षिततेसाठी २०२२ पासून शाळांत सखी सावित्री समित्या नेमायच्या आहेत. तुमच्या शाळेतल्या समितीत कोण आहे ते नाव विचारून ठेवा.

बाकीच्या तक्रारींना व्यासपीठ आहे ते शाळा व्यवस्थापन समितीचं. शासकीय आणि अनुदानित शाळांत तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. विनाअनुदानित खासगी शाळांना ही समिती लागू नाही. तिथे पालक-शिक्षक संघ असतो. निवडीच्या सभेला लोक जात नाहीत, मग दोन-चार ठरावीक जण वर्षानुवर्षं सह्या करतात. शौचालयाला पाणी नाही, वर्गाला शिक्षक नाही, असल्या गोष्टी एकट्या आईने बाईंना सांगून सुटत नाहीत. बाईंच्याही हातात त्या नसतात. बाई तर मतदार याद्यांच्या कामालाही जुंपलेल्या असतात. तिथे बाईंच्या बाजूने उभं राहायचं असतं.

एप्रिलमध्ये एक काम उरतं

वर्षभर जमवलेलं सगळं जूनमध्ये नव्या वर्गशिक्षकांसमोर शून्यापासून सुरू होतं, हे फार वेळा बघते. म्हणून निकालाच्या दिवशी बाईंकडून अर्धं पान लिहून घ्या: ओंकारला काय जमायला लागलं, कशाने जमलं, अजून काय कच्चं आहे, आणि कशाची भीती वाटते. लिहायला त्यांना पाच मिनिटं लागतील. जमलं नाही तर तुम्ही लिहा आणि त्यांची सही घ्या. हे पान पाचवीच्या सरांना पहिल्याच आठवड्यात द्यायचं, शाळा बदलणार असेल तर दाखल्याबरोबर नव्या शाळेत. "आदल्या दिवशी परिच्छेद सांगितला तर वाचतो" हे वाक्य त्यात असू द्या.